कॅश क्रेडिटची फाइल बँकेत नेण्याआधी: बँक काय पाहते आणि कुठे अडते

कॅश क्रेडिटची, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तसा पैसा उचलता येणाऱ्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, फाइल शाखेतल्या टेबलावर येते तेव्हा ती वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दोनच प्रश्न असतात. दिलेला पैसा धंद्यातूनच परत येईल हे कागदावर दिसते का? आणि नाहीच आला, तर किती दिवसांत काय हाती लागेल? विकसनशील देशांत लहान उद्योगांना कर्ज कमी मिळते, ते बहुतांशी या दोन प्रश्नांची उत्तरे धूसर असतात म्हणून. हिशेब अर्धा वहीत, अर्धा मालकाच्या डोक्यात. जागेची कागदपत्रे अपुरी. वसुलीचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळणारा. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या लहान उद्योगांची कर्जाची तूट वर्षाला ५.२ लाख कोटी डॉलर काढली. भारतापुरती ती यू. के. सिन्हा समितीने २०१९ मध्ये २० ते २५ लाख कोटी रुपये धरली.

पुढचे सगळे महाराष्ट्रातल्या दोन-पाच कोटी उलाढालीच्या कारखानदाराला समोर ठेवून लिहिले आहे. व्यापाऱ्यालाही त्यातले बरेच लागू पडेल.

आधी बँकेची बाजू

तुमची फाइल चांगली असूनही एक बँक नाकारते आणि समोरचीच दुसरी मंजूर करते, याची कारणे पुष्कळदा तुमच्याबाहेर असतात. ती माहीत असली की कोणत्या दारात आधी जायचे हे ठरवता येते.

बँकेला ठेवी म्हणून आलेला सगळा पैसा कर्जाऊ देता येत नाही. रोख राखीव प्रमाण म्हणून ठेवींचा ठरावीक भाग रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, वर साधारण १८ टक्के रक्कम सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित ठिकाणी गुंतवणे कायद्याने बंधनकारक आहे. उरलेल्यातून कर्जे. त्यातही जुनी कर्जे बुडीत असतील तर नव्या कर्जाचा हात आखडतो. मार्च २०१८ मध्ये देशातल्या बँकांची ढोबळ अनुत्पादक, म्हणजे वसुली थकलेली, कर्जे ११ टक्क्यांच्या वर गेली होती. त्या काळात अकरा सरकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेने तत्काळ सुधारणा कारवाईची बंधने घातली. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती, आणि तिच्यावरची बंधने ३१ जानेवारी २०१९ ला उठली. देना बँकेला तर मे २०१८ मध्ये नवी कर्जे देण्यास मनाई झाली. अशा बँकेत त्या दिवसांत उत्तम फाइल नेऊनही उपयोग नव्हता. म्हणून अर्ज करण्याआधी त्या बँकेचा ताजा तिमाही निकाल पाहा. अनुत्पादक कर्जांचे प्रमाण आणि लहान उद्योगांच्या कर्जातली वाढ हे दोन आकडे पुरेसे आहेत. आणि शाखेत सरळ विचारा, ‘आमच्या उद्योगाला सध्या तुमच्याकडे कर्ज चालू आहे का?’ एखाद्या धंद्यात बरीच खाती थकली असली की मुख्य कार्यालयातून त्या धंद्याला हात लावू नका असा निरोप आलेला असतो. शाखाधिकारी ते आपणहून सांगत नाहीत, पण विचारल्यावर बहुधा लपवतही नाहीत.

दुसऱ्या बाजूने बँकेला तुमची गरजही असते. एकूण कर्जाच्या ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला (शेती, लहान उद्योग वगैरे) आणि ७.५ टक्के सूक्ष्म उद्योगांना द्यावे लागते. कमी पडले तर तेवढी रक्कम कमी व्याजाच्या सरकारी निधींत ठेवावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेक जण त्यात बसतात. पण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, नसेल तर बँकेला तुम्हाला त्या खात्यात मोजता येत नाही. नोंदणी फुकट होते, आधार आणि पॅनवर होते. ती न करता बँकेत जाणे म्हणजे हातातला सर्वांत स्वस्त पत्ता टाकून देणे.

व्याजदराविषयी एकच सांगायचे आहे. केनियाने सप्टेंबर २०१६ मध्ये कायदा करून बँकांच्या कर्जाच्या दरावर मर्यादा घातली: मध्यवर्ती बँकेच्या दराच्या वर फक्त चार टक्के. हेतू चांगला होता. पण एवढ्या दरात जोखीम परवडेना म्हणून बँका सरकारी रोख्यांकडे आणि मोठ्या कर्जदारांकडे वळल्या, लहान उद्योगांचे कर्ज आटले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ती मर्यादा काढावी लागली. तुमच्या टेबलावरही हेच घडते. अर्धा टक्का कमी करून घेण्यासाठी घासाघीस करणारे लोक अनेकदा अपुऱ्या कर्जमर्यादेवर सही करून येतात. आधी पुरेशी मर्यादा मिळवा. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघु उद्योगांची बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) बाहेरच्या दराला जोडलेली आहेत आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो, तेव्हा रेपो उतरला की तुमचा दर मागणी न करताही उतरायला हवा. तो उतरला की नाही हे खात्यातल्या व्याजाच्या नोंदीवरून तपासत जा.

मर्यादा किती मिळेल, हे आधी घरीच काढा

पाच कोटींपर्यंतच्या खेळत्या भांडवलासाठी बँका नायक समितीची पद्धत वापरतात. पुढच्या वर्षीच्या अंदाजी उलाढालीच्या २५ टक्के इतकी गरज धरायची. त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे.

समजा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर पार्ट करणारे युनिट आहे. गेल्या वर्षीची उलाढाल २ कोटी, पुढच्या वर्षीचा अंदाज २ कोटी ४० लाख. गरज ६० लाख, बँकेचे ४८ लाख, मालकाचे १२ लाख. इथेच बहुतेकांची गाडी अडते. ताळेबंदात चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केल्यावर मालकाचे १२ लाख दिसायला हवेत. ५ लाखच दिसले तर बँक चार पटीच्या हिशेबाने २० लाखांवर येऊ शकते. उलट २० लाख दिसले तर ती म्हणेल, तुमचेच २० आहेत, आम्ही ४० देतो. तेही नियमात बसते, पण वाढत्या कामासाठी ४८ का हवेत हे ऑर्डरच्या कागदांनी पटवून देता येते.

अंदाजी उलाढाल फुगवू नका. २० टक्के वाढ सहज मानली जाते. ४०-५० टक्के लिहायची असेल तर जोडीला नवीन मशीनचे बिल, ग्राहकाचे ओपन पर्चेस ऑर्डर, चालू वर्षाच्या महिनावार जीएसटी विक्रीचे आकडे लागतात. त्याशिवाय दिलेला आकडा वाचणाऱ्याचा बाकीच्या पानांवरचाही विश्वास घालवतो.

तीन ठिकाणची उलाढाल जुळते का?

सगळ्यात जास्त फायली इथे पडतात, म्हणून थोडे सविस्तर. अधिकारी तीन आकडे शेजारी शेजारी ठेवतो: जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणातली वर्षाची विक्री, आयकर विवरण व नफातोटा पत्रकातली विक्री, आणि बँक खात्यात जमा झालेली रक्कम. पहिले दोन रुपयाला रुपया जुळले पाहिजेत. निदान फरकाचा खुलासा एका पानावर तयार हवा: क्रेडिट नोट, जॉबवर्कची बिले, मार्चअखेर निघून एप्रिलमध्ये दाखवलेली बिले. तिसऱ्या आकड्यात जीएसटीची रक्कमही आलेली असते, म्हणून १८ टक्के कराच्या धंद्यात खात्यातली जमा विक्रीपेक्षा जास्त दिसणे साहजिक आहे. ती विक्रीच्या निम्म्यावर असेल तर मात्र प्रश्न येतो, बाकीचा पैसा कुठे जातो? दुसऱ्या बँकेतल्या खात्यात, की रोखीत?

खात्यांतून आपापसात फिरवलेले पैसे, घरच्यांकडून आलेले हातउसने, कर्जाचे हप्ते परत आलेले, हे सगळे वगळूनच जमा मोजतात. सॉफ्टवेअर ते आपोआप करते. उलाढाल वाढलेली दिसावी म्हणून भावाच्या खात्यातून गोल फिरवलेले पैसे पहिल्या फेरीतच पकडले जातात, आणि एकदा पकडले की पुढचे बोलणेच थांबते. अर्जाच्या आधीचे बारा महिने सर्व विक्री एकाच खात्यातून जाऊ द्या. या बारा महिन्यांत चेक परत जाण्याचे प्रसंग टाळा. महिन्याला दोन-तीन चेक शिल्लक नसल्यामुळे परत गेलेले खाते, नफा कितीही असो, बँकेला नको असते.

नफा कमी दाखवण्याची किंमत

मशीनचे मुदत कर्जही मागत असाल तर कर्जफेडीची क्षमता एका गुणोत्तराने मोजतात: करानंतरचा नफा, घसारा आणि मुदत कर्जावरचे व्याज यांची बेरीज, भागिले वर्षाचा मुद्दल हप्ता अधिक तेच व्याज. बँकेला हे साधारण १.५ हवे असते. आपल्या युनिटचा निव्वळ नफा ९ लाख, घसारा ६ लाख, व्याज ३ लाख, बेरीज १८ लाख. मुद्दल ९ लाख आणि व्याज ३ लाख, एकूण १२ लाख. भागाकार १.५, काम होते. आता ३० टक्के कराच्या टप्प्यातल्या मालकाने ४ लाखांची विक्री पुस्तकाबाहेर ठेवली. कर वाचला १ लाख २० हजार. नफा २ लाख ८० हजारांनी खाली आला, बेरीज १५ लाख २० हजार, भागाकार १.२७. कर्ज एक तर नाकारले जाते, नाहीतर कमी होते. वाचवलेल्या सव्वा लाखामागे मशीनच लांबणीवर पडते. हा कायद्याचा प्रश्न आहेच, पण नुसत्या हिशेबानेही तो तोट्याचा सौदा आहे.

आणखी एक गुणोत्तर पाहतात: बाहेरची एकूण देणी भागिले मालकाचे निव्वळ भांडवल. ते ३ च्या आत असावे. घरच्यांनी, नातेवाइकांनी दिलेले बिनतारणी पैसे देण्यांत मोजले गेले की हे बिघडते. उपाय सोपा आहे. बँकेचे कर्ज असेपर्यंत ही रक्कम काढणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेऊन बँकेला द्या. मग बऱ्याच बँका ती भांडवलासारखी धरतात. चालू गुणोत्तर, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, १.३३ असावे असा टंडन समितीपासूनचा संकेत आहे. लहान उद्योगांसाठी १.२५ पर्यंत चालवून घेतात.

पत अहवाल: जामीनदारीचा काटा

अर्जाच्या तीन महिने आधी स्वतःचा, भागीदारांचा आणि फर्मचा पत अहवाल काढा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून व्यक्तीला वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. फर्मला १ ते १० अशी श्रेणी असते, त्यात १ सर्वांत चांगली. ७ च्या पुढची श्रेणी असेल तर आधी ती सुधारा, मग अर्ज.

महाराष्ट्रात एक गोष्ट हमखास आढळते. कुणा मित्राच्या, मेव्हण्याच्या कर्जाला नागरी सहकारी बँकेत जामीन राहिलेले असता, ते कर्ज थकलेले असते, आणि ते तुमच्या अहवालात तुमच्या नावापुढे येते. ते खाते नियमित करून घेणे किंवा बंद झाल्याचा दाखला मिळवणे याला वेळ लागतो, म्हणूनच तीन महिने आधी. अहवालात चूक असेल तर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. २०२५ पासून बँका ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवतात, त्यामुळे भरलेली थकबाकी पूर्वीपेक्षा लवकर पुसली जाते. आणि एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद राहते, आणि सहावी बँक विचारते की आधीच्या पाचांनी का नाही दिले.

तारण

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० पासून बँकांना बजावले आहे. त्यावरच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई हा हमी निधी आहे. केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने २००० मध्ये तो उभा केला आणि एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटी झाली. हमी असलेल्या भागासाठी बँकेला भांडवल बाजूला ठेवावे लागत नाही, म्हणून बँकेलाही तो सोयीचा. हमीचे वार्षिक शुल्क बहुधा तुमच्याकडून घेतात. ते लहान रकमेला ०.३७ टक्क्यापासून सुरू होते, रक्कम वाढली की वाढते. मात्र ही हमी बँकेला दिलेली असते. कर्ज थकले तर निधीने बँकेला पैसे दिले तरी तुमच्याकडची वसुली थांबत नाही. बरेच जण हे समजून न घेता सही करतात.

अर्धवट तारण आहे, म्हणजे ४८ लाखांना २० लाखांचा गाळा, तर गाळ्याच्या तारणाने झाकलेला भाग सोडून उरलेल्या भागावर हमी घेता येते. शाखेने याला नकार दिला तर विभागीय कार्यालयात विचारा, कारण शाखेत याची माहिती कमी असते.

शेतजमीन तारण द्यायला निघालेले बरेच जण भेटतात. बँक ती घेत नाही, आणि त्याचे कारण पक्के आहे: २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येते, पण शेतजमिनीला तो कायदा लागूच नाही. सात-बारा कितीही स्वच्छ असो, उद्योगाच्या कर्जाला त्याचा उपयोग नाही. बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, शहरात मालमत्ता पत्रक हे हवे. गावठाणातले घर फक्त नमुना ८ वर असेल तर अनेक बँका मागे सरतात. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, त्यामुळे गहाण ठेवण्याआधी एमआयडीसीची परवानगी लागते. ती अर्जाबरोबरच मागायला सुरुवात करा, नाहीतर मंजुरीपत्र हातात आणि पैसे अडकलेले अशी स्थिती होते. बँकेचा वकील ३० वर्षांचा शोध घेतो, त्यात वडिलांच्या वारसांची नोंद राहिलेली असली की काम तिथेच थांबते. मूळ दस्त ठेवून गहाण केल्यावर नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे त्या गहाणाची सूचना, ३० दिवसांत नोंदणी कार्यालयात नोंदवायची असते.

फाइल

तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद व आयकर विवरणे, १२ महिन्यांची जीएसटी विवरणे, सर्व खात्यांचे १२ महिन्यांचे उतारे, सीएमए डेटा (मागच्या आणि पुढच्या वर्षांच्या आकड्यांचे बँकेच्या नमुन्यातले पत्रक), चालू कर्जांची मंजुरीपत्रे, उद्यम प्रमाणपत्र, जागेचे कागद, प्रमुख ग्राहकांची यादी आणि येण्यांची वयवार यादी. सीएमए सनदी लेखापालाकडून करून घ्या, पण त्यातला प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतःला सांगता आला पाहिजे. कच्च्या मालाचा साठा ४५ दिवसांचा का धरला असे विचारल्यावर मालकाने लेखापालाकडे पाहिले, तर अधिकाऱ्याला जे कळायचे ते कळते.

वेळही निवडा. लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर संपते, तेव्हा ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ बरा. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ही मुदत पूर्ण कागद दिल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पोच तारखेसह घ्या.

मंजुरीनंतर: उचल मर्यादा

मंजूर ४८ लाख म्हणजे वापरायला ४८ लाख नव्हेत. दर महिन्याला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर उचल मर्यादा, म्हणजे डीपी, ठरते. आपल्या युनिटचा साठा ३४ लाख, मालाची देणी ९ लाख, उरले २५ लाख. २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः घालायचा वाटा, गेले की १८ लाख ७५ हजार. येणी ४६ लाख, त्यातली ९० दिवसांवरची ११ लाख बाद, उरली ३५ लाख. मार्जिन जाऊन २६ लाख २५ हजार. बेरीज ४५ लाख. मंजूर मर्यादेतले तीन लाख वापरता येत नाहीत, ते फक्त जुन्या येण्यांमुळे. तीच ११ लाखांची येणी ९० दिवसांच्या आत असती तर पूर्ण ४८ मिळाले असते. येण्यांवरचे मार्जिन काही बँका ४०-५० टक्के ठेवतात, म्हणून मंजुरीपत्रातला हा आकडा सहीच्या आधी वाचा आणि त्यावर बोला. व्याजदरापेक्षा याने जास्त फरक पडतो.

मोठा ग्राहक पैसे लांबवत असेल तर दोन आधार आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे बिल कराराने फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. एप्रिल २०२४ पासून उशीर झालेल्या रकमेची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते, त्यामुळे मार्चच्या आधी मागणी केली की ग्राहकाचा लेखाविभाग ऐकतो. दुसरा आधार ट्रेड्स या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा: ग्राहकाने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावून पैसे देतात, आणि पत तुमची नाही, ग्राहकाची पाहिली जाते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे.

खाते बिघडते ते बहुधा तीन प्रकारे. कॅश क्रेडिटच्या पैशांनी मशीन किंवा प्लॉट घेतला, आणि खाते कायम मर्यादेला टेकलेले राहिले. स्टॉक स्टेटमेंट तीन महिने गेले नाही. किंवा नूतनीकरण लांबले. देय तारखेपासून १८० दिवस उलटले की पैसे वेळेवर येत असले तरी खाते अनुत्पादक ठरते. मर्यादेच्या वर सलग ३० दिवस गेले की विशेष निगराणीत नाव लागते, ९० दिवसांनी अनुत्पादक. त्यानंतर व्याज भरून सुटका नाही, संपूर्ण थकबाकी भरल्यावरच खाते पुन्हा नियमित होते. नूतनीकरणाचे कागद तारखेच्या दोन महिने आधी द्या. साठ्याचा विमा बँकेच्या नावाच्या कलमासह चालू ठेवा आणि गोदाम बदलले तर विमा कंपनीला लेखी कळवा. जुन्या पत्त्यावरच्या विम्यात नव्या गोदामातली आग बसत नाही.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा; ते देणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यातले ‘अपुरे मार्जिन’, ‘येणी जुनी’, ‘गुणोत्तर कमी’ यांसारखे कारण सहा-आठ महिन्यांत दुरुस्त होते. ‘धोरणानुसार नाही’ असे असेल तर तीच फाइल दुसऱ्या बँकेत न्या. वेळ लावला, पोच दिली नाही, १० लाखांच्या आत तारण मागितले, अशा तक्रारी आधी बँकेकडे करा आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. कर्ज द्यायचे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मात्र लोकपाल बदलत नाही.